फुली मारली तिथे सही

पगाराचा हिशेब काढून देणाऱ्या सरकारी वेबसाइटवर बबीने चौथ्यांदा आकडे टाकले आणि चौथ्यांदा तेच उत्तर आलं. दोन हजार पाचशे बारा. मांडीवरच्या पगाराच्या चिठ्ठीवर मात्र छापलं होतं दोन हजार तीनशे सत्तावीस. मधले एकशे पंच्याऐंशी गेले कुठे? वाऱ्यावर?

बबीच्या सुट्टीची दुपार होती. परदेशातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात नर्सांचं वसतिगृह होतं, त्यातली ही दोन खाटांची खोली. समोरच्या खाटेवर तिची जोडीदारीण पायाच्या नखांना रंग लावत बसली होती. ती रक्त तपासायची, म्हणून सगळे तिला लॅबवाली म्हणायचे.

"सोड ना आता," लॅबवाली म्हणाली. "इथे सगळंच कापतात. मी तर चिठ्ठी उघडतच नाही. उगाच बीपी कोणी वाढवून घ्यायचं?"

"तुला कोणाला आणायचंय का इथे?" बबी खेकसली. "मग तू कशाला उघडशील!"

लॅबवालीने ब्रश बाटलीत बुडवला आणि पुढचं नख घेतलं. बबीचं डोकं तापलं की तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, एवढं ती अकरा महिन्यांत शिकली होती.

बबीला आणायची होती टिल्ली. तिची मुलगी, सात वर्षांची, मागे भावाकडे ठेवलेली. टिल्ली दीड वर्षाची असताना तिचा बाप गेला. तेव्हापासून बबी, टिल्ली, दादा आणि वहिनी असं चौघांचं घर. दादा-वहिनींना मूलबाळ नव्हतं, पोरीचे लाड करायला सगळे मोकळे. पण बबी परदेशी निघाली ती एकाच बोलीवर, की वर्षभरात पोरीला घेऊन जाईन. पोरीने ते दिवस भिंतीवर खडूने मांडून ठेवले होते, आणि रोज एक पुसत होती.

कुटुंबाला इथे आणायच्या परवान्याचा नियम सरळ होता. कर आणि विमा कापून, सलग तीन महिने, हातात निदान दोन हजार चारशे पन्नास पडले पाहिजेत. जादा पाळ्यांचे पैसे त्यात धरत नाहीत, पक्का पगार तेवढा धरतात. अर्ज वर्षातून एकदाच घेतात, आणि यंदाची मुदत संपायला तीन महिने आणि वर थोडे दिवस उरले होते. म्हणजे येणाऱ्या तीन चिठ्ठ्या. त्यातली एक जरी हुकली, तरी पोर आणखी वर्षभर तिकडेच.

आणि बाई निर्धास्त होती! का? तर दादाचा कागद.

दादाचं कचेऱ्यांच्या गल्लीत फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, झेरॉक्स आणि लॅमिनेशनसकट. निघायच्या आधी त्याने ह्याच सरकारी वेबसाइटवर बसून हिशेब काढला होता. एकूण पगार तीन हजार दोनशे, कर एवढा, विमा एवढा, हातात दोन हजार पाचशे बारा. तो छापून त्याने लॅमिनेट करून दिला होता. त्याच्या हाती लागलेला कागद लॅमिनेट झाल्याशिवाय सुटायचाच नाही. "बघ बबे," तो म्हणाला होता, "परवान्याला लागतात त्याच्यापेक्षा बासष्ट जास्तच आहेत. डोळे झाकून जा."

ती गेली डोळे झाकून. दर महिन्याला जादा पाळ्या असायच्याच, त्यामुळे हातात पडणारा आकडा कधी कमी वाटला नाही आणि कागदाशी ताडून बघायचं तिला सुचलंही नाही. गेल्या महिन्यात मात्र तिची पाठ धरली, जादा पाळी एकही झाली नाही, आणि चिठ्ठीवर पक्का पगार तेवढा उघडा पडला.

आता पाचव्यांदा ती वेबसाइटचे रकाने वरून खाली बघत गेली. वय. पगार. विवाहित, अविवाहित की विधवा. मुलं किती? तिथे तिने एक लिहिलं होतं. बबीचा अंगठा त्या एकावर थांबला. काय मनात आलं कोण जाणे, तिने एक खोडलं आणि शून्य टाकलं.

दोन हजार तीनशे सत्तावीस. चिठ्ठीवरचा आकडा, तंतोतंत.

तिने झडप घालून चिठ्ठी उचलली. वरच्या बाजूला बारीक अक्षरांत दहा-बारा रकाने होते, ते आजवर तिने कधी वाचले नव्हते. बोट ठेवत ठेवत ती सातव्या रकान्याशी आली. अवलंबून व्यक्ती: ०.

"शून्य!" बबी एवढ्याने ओरडली की लॅबवालीच्या अंगठ्याचा रंग करंगळीपर्यंत गेला. "माझ्या पोरीला शून्य लिहिलंय मेल्यांनी!"

पगाराचं ऑफिस तळमजल्यावर होतं, हॉस्पिटलच्या धोबीखान्याच्या मागे. बबी घरातल्या सपातांवरच तिथे पोचली. काचेच्या खिडकीमागे पगारवाली बसली होती. साठीकडे झुकलेली बाई, चष्म्याला साखळी, खुर्चीच्या पाठीला स्वेटर. बबीने रांगेचा नंबर घेतला नाही की कोणाची परवानगी घेतली नाही.

"तुम्ही अकरा महिने माझे पैसे कापताय!" तिने चिठ्ठी काचेवर आपटली. "मला मुलगी आहे! सात वर्षांची! तुम्हाला कोणी सांगितलं की मला मूल नाही? मनाने लिहिता? उद्या मलाही मेलेली लिहाल! मला आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून पाहिजे आणि अकरा महिन्यांचे पैसे पाहिजेत!"

रांगेतला वॉर्डबॉय दोन पावलं मागे सरकला. पगारवाली मात्र जागची हलली नाही. बबीचा श्वास संपेपर्यंत थांबली.

"झालं?" तिने विचारलं. मग कीबोर्डवर काहीतरी दाबलं आणि स्क्रीन बबीकडे वळवली.

स्क्रीनवर नोकरीच्या अर्जाचा फोटो होता. सुटी सुटी, छापल्यासारखी अक्षरं. दादाची ती अक्षरं बबीने झोपेतही ओळखली असती, अख्खी गल्ली ओळखायची. अवलंबून मुलं: नाहीत. आणि खाली सही.

"सही तुमचीच ना?"

शेवटच्या अक्षराचं शेपूट गोल फिरवून वर नेलेलं. तिचीच.

त्यांच्या घरात तशी पद्धतच होती. कागद आला की दादा तो भरायचा, जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारायचा आणि पुढे सरकवायचा. वडील असताना वडील सही करायचे, मग आई, मग वहिनी, मग बबी. फुली मारली तिथे सही. सही झाली की दादा खोडरबराने फुली पुसायचा, कागदावर फुंकर मारायचा, की काम झालं. रेशनचा कागद असो, बँकेचा असो, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असो, बबीने आयुष्यात एक कागद वाचला नव्हता. परदेशच्या अर्जाला तर सतरा फुल्या होत्या. वहिनीच्या ओट्याशी उभी राहून, ओले हात पदराला पुसत, तिने सतरा सह्या केल्या होत्या. शेवटी दादा म्हणाला होता, "बघ, किती सोपं असतं!"

हीच बबी वॉर्डात इंजेक्शन भरताना बाटली तीनदा वाचायची. नवी पोरगी न वाचता सुई भरताना दिसली तर तिला अशी फैलावर घ्यायची की ती पोरगी आठवडाभर तोंड लपवून फिरायची.

ती ऑफिसच्या बाहेर बाकावर येऊन बसली आणि तिने दादाला फोन लावला. तिकडे दुकानाची वेळ होती, मागे झेरॉक्स मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

"बोल बबे! जेवलीस का?"

"दादा, तू माझ्या अर्जावर मुलं नाहीत असं लिहिलंस?"

"जेवलीस का ते सांग आधी."

"दादा!"

"अगं हळू बोल, दुकानात माणसं आहेत." मशीनचा आवाज लांब गेला, तो बाहेर आला असावा. "लिहिलं. मग? तुझ्याच भल्यासाठी लिहिलं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याची मेहुणी तिकडेच असते. तो म्हणाला, मूलवाल्या बायकांना घेत नाहीत, रात्रपाळी झेपत नाही म्हणतात. म्हटलं, कशाला उगाच घोळ? लागली की नाही नोकरी? लागली ना?"

"कुठल्या तरी गिऱ्हाइकाची मेहुणी! इथे माझ्या वॉर्डात निम्म्या नर्सांना पोरं आहेत! दोन-दोन, तीन-तीन!"

"ते मला इथे बसून कसं कळणार?"

"आणि तो हिशेब? दोन हजार पाचशे बारा? त्याच्यात मूल धरलंस ना तू? मी आत्ता टाकून बघितलं. एक टाकलं की तुझा आकडा येतो, शून्य टाकलं की माझा पगार येतो!"

"हिशेब घरच्यासाठी होता ना," दादा म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसं. "घरी तुला मूल आहेच की."

बबीला वाटलं, कपाळ भिंतीवर आपटावं. स्वतःचं नव्हे, त्याचं.

"अरे देवमाणसा! कर कापणारा माणूस तुझा लॅमिनेट केलेला कागद बघून कापतो का? तो अर्ज बघून कापतो! अर्जावर पोर नाही आणि हिशेबात पोर आहे, असा हिशेब जगात कोणी केलाय का?"

"आता उगाच चढू नकोस हं बबे. सही तूच केलीस ना? वाचायचं होतंस."

बबीने फोन बंद केला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्यातली निम्मी तिच्या स्वतःवरच होती. मूर्ख बाई! सतरा सह्या! ज्या पोरीसाठी समुद्र ओलांडला, तिलाच स्वतःच्या सहीने खोडून आलीस!

ती उठली आणि पुन्हा खिडकीशी गेली. ह्या वेळी तिने नंबर घेतला.

"अर्ज माझ्या भावाने भरला होता," ती म्हणाली. "चुकीचा भरला. मला मुलगी आहे. दुरुस्त करायचं असेल तर काय करावं लागेल?"

पगारवालीने स्क्रीनवर आणखी एक पान उघडलं आणि चष्मा नाकावर खाली घेतला. "थांबा. तुम्ही आलात त्या महिन्यात आम्ही तुमच्या घरी फोन करून संपर्काची खात्री केली होती. व्हिडिओवर. नोंद आहे इथे. घरात भाऊ, भावाची बायको, आणि एक लहान मुलगी. भावाची."

"कोणाची?"

"भावाची मुलगी. भावानेच सांगितलंय तसं."

"शक्य नाही," बबी म्हणाली. "तुमचा माणूस चुकला असेल. थांबा, तुम्हाला खोटं वाटतं ना? आत्ता दाखवते. आत्ताच्या आत्ता."

थांबा कशाला, तिचा हात केव्हाच फोनवर गेला होता. व्हिडिओ लागला. वहिनीने उचलला, बबीच्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता फोन टिल्लीकडे दिला. नुकतीच शाळेतून आलेली, एक वेणी सुटलेली, हातात बिस्कीट. स्क्रीनवर आईला बघून पोरीचं तोंड उजळलं.

"टिल्ले, इकडे एक बाई आहेत बघ. त्यांना सांग, मी तुझी कोण?"

आणि तिने फोन काचेकडे वळवला.

पगारवाली हसली. पोरं शाळेत शिकतात तसल्या सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश उच्चारत तिने बबीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण?"

टिल्लीचं हसू मावळलं. तिने बिस्कीट खाली ठेवलं. वर्गात उभं केल्यासारखी ताठ उभी राहिली, दोन्ही हात बाजूला धरले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आंटी."

तो शब्द कुठल्याही देशात कळतो. पगारवालीने बबीकडे पाहिलं.

बबीने फोन स्वतःकडे फिरवला. "टिल्ले! आंटी काय? आंटी कोण?"

"आत्या," टिल्ली हळूच म्हणाली. "मामाने सांगितलंय ना. तिकडचं कोणी दिसलं तर तुला आत्या म्हणायचं. इंग्रजीत आंटी."

"आणि मामाला?"

"तेव्हा बाबा म्हणायचं. नाहीतर तुझी नोकरी जाईल. आणि ती माझ्यामुळे जाईल." पोर फोनच्या अगदी जवळ आली, अर्धा चेहराच दिसायला लागला. "मी बरोबर म्हटलं ना?"

शिकवलेलं नीट म्हणून दाखवलं होतं पोरीने, शाबासकी मागत होती.

"बरोबर म्हटलंस हं," ती म्हणाली. "बिस्कीट खा आता."

पगारवालीला भाषा कळली नव्हती, पण डोळे होते तिला. तिने चष्मा काढून साखळीला सोडला आणि आवाज खाली आणला.

"हे बघा. मुलीचा जन्मदाखला लागेल. आणि ज्याने अर्ज भरला त्याचं पत्र लागेल, की हे मी खोटं लिहिलं, फोनवरही मीच खोटं सांगितलं, अर्जदार बाईला माहीत नव्हतं. त्याच्या सहीचं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्याकडे आलं, तर ह्या महिन्याची चिठ्ठी नव्याने निघेल. बारानंतर ह्या महिन्याचे पगार बंद होतात, मग मी काही करू शकत नाही."

"आणि नोकरी?"

"ते वरचे लोक ठरवतील. वॉर्डात माणसं किती कमी आहेत ते मला माहीत आहे, पगार मीच काढते. पण खात्री देत नाही."

तो बुधवार होता. गुरुवारी पाळीवर जायच्या आधी बबीने गणवेश चढवला, फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि दादाला व्हिडिओ लावला. दादा दुकानात बसला होता. मागे बाकावर दोन-तीन गिऱ्हाईकं, आणि लॅमिनेशनच्या मशीनशेजारी स्टुलावर टिल्ली, पाय हलवत. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

बबीने काय हवंय ते सांगितलं. दादाचा चेहरा उतरला.

"असं पत्र? माझ्या सहीचं? मी खोटा फॉर्म भरला म्हणून? बबे, बाहेर पाटी आहे माझ्या नावाची! वीस वर्षं लोक डोळे मिटून सह्या करतात माझ्याकडे!"

"हो ना. मीही केल्या."

"आपण संगणकाची चूक लिहू. नाहीतर छपाईची. मी असं छान लिहितो की कोणाला..."

"दादा, तुझं छान लिहिणं बास झालं आता!"

"मग पुढच्या वर्षी अर्ज कर. एका वर्षाने काय बिघडतंय?" त्याने आवाज खाली आणला. "पोर इथे सुखात आहे. वहिनीला बिलगल्याशिवाय झोपत नाही ती. तुझ्या तिथे पाळ्या, धावपळ, कोण बघणार तिच्याकडे?"

बबीने फोन जवळ ओढला. म्हणजे असं होतं तर.

"त्या फोनवर तू तिला स्वतःची मुलगी म्हणालास."

"तेव्हा सुचलं ते बोललो. अर्जावर मूल नव्हतं, समोर ही उभी. काय सांगणार होतो?"

"ते एकदा. आणि मग वर्षभर तिला बाबा म्हणायला शिकवलंस ते?"

दादाने काउंटरवरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"ऐकायला बरं वाटायचं ग," तो म्हणाला.

दुसरी एखादी असती तर तिथे विरघळली असती. बबीलाही कुठेतरी कळलं. भाऊ होता तो, पोरीच्या तापात रात्ररात्र जागला होता. पण कळलं म्हणून राग गेला नाही, उलट दुप्पट झाला. ह्याला बरं वाटावं म्हणून माझ्या पोरीने आईचं नाव गिळायचं?

"तुला बरं वाटायला मी महिन्याला एकशे पंच्याऐंशी मोजलेत," ती म्हणाली. "आणि पोर मला आत्या म्हणते. वर विचारते, बरोबर म्हटलं ना! आता मी सांगते तसं टाइप कर. एक अक्षर इकडचं तिकडे केलंस, तर येऊन तुझ्या पाटीवर मी स्वतः लिहीन काय लिहायचं ते."

तिने सांगितलं, त्याने वर मराठीत आणि खाली इंग्रजीत टाइप केलं. मध्ये दोनदा थांबला, दोनदा ती ओरडली. कागद मशीनमधून बाहेर आला.

"आता मोठ्याने वाच."

"अगं गिऱ्हाईकं बसलीत."

"बसू देत. त्यांनाही कळू दे वाचायचं असतं म्हणून. वाच!"

दादाने वाचलं. सुरुवातीला पुटपुटत, मग बबीने "ऐकू येत नाही" म्हटल्यावर मोठ्याने. माझ्या बहिणीच्या अर्जात अवलंबून मुलं नाहीत असं मी लिहिलं, ते खोटं आहे. तिला एक मुलगी आहे. तुमच्या माणसाने फोन केला तेव्हा ती मुलगी माझी आहे असं मी सांगितलं, तेही खोटं आहे. ती मुलगी माझ्या बहिणीची आहे. माझ्या बहिणीला यातलं काहीही माहीत नव्हतं. बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती. एकाने मांडीवरचा आपला फॉर्म उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

टिल्लीचे हलणारे पाय थांबले होते.

"आता पेन्सिल घे," बबी म्हणाली. "खाली उजवीकडे फुली मार."

"मीच?"

"तूच. मार. आणि मारली तिथे सही कर."

त्याने फुली मारली आणि सही केली. सवयीने हात खोडरबराकडे गेला.

"खोडू नकोस. राहू दे तशीच. आणि खबरदार लॅमिनेट केलंस तर!"

शुक्रवारी अकरा वाजता, फोनवर आलेल्या दोन्ही कागदांच्या छापील प्रती पगारवालीच्या हातात पडल्या. जन्मदाखला वहिनीने शोधून पाठवला होता, न सांगता, पत्राच्याही आधी. पगारवालीने सहीखालच्या फुलीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? बबी म्हणाली, "आमच्या घरची पद्धत. आता बंद केली." मग पगारवालीने दुरुस्तीचा फॉर्म पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. बबीने फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. मागे रांग वाढत गेली, कोणीतरी खाकरलं, कोणीतरी घड्याळ बघितलं. बबीने वळून एकदाच असं पाहिलं की पुन्हा कोणी खाकरलं नाही. मुलं किती, ह्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात एक लिहिलं आणि मग सही केली.

महिनाअखेरीला दोन लिफाफे आले. एकात वरच्या ऑफिसची ताकीद होती, की खोटी माहिती पुन्हा आढळली तर नोकरी जाईल. तीही तिने दोनदा वाचली. दुसऱ्यात पगाराची चिठ्ठी. अवलंबून व्यक्ती: १. हातात: २५१२. अकरा महिन्यांचा जास्तीचा कर वर्षअखेर परत मिळेल, असं खाली पगारवालीने पेनाने लिहिलं होतं.

बबी चिठ्ठी घेऊन धावतच नर्सांच्या विश्रांतीच्या खोलीत आली आणि तिने घरी व्हिडिओ लावला. लॅबवाली आणि वॉर्डातल्या दोघी मागे कॉफी पीत उभ्या होत्या. फोनवर दादा आणि टिल्ली शेजारी शेजारी बसले होते.

"टिल्ले, हे बघ! हा एक दिसतो का, एक? ही तू! अशा अजून दोन चिठ्ठ्या आल्या की तू इकडे!"

टिल्ली हसली. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बबीच्या खांद्यामागच्या अनोळखी बायका तिला दिसल्या. तिचं तोंड तसंच मिटलं. मान वळवून तिने मामाकडे पाहिलं.

दादाने मान डोलावली.

"आई," टिल्ली म्हणाली.

बबीच्या हातातली चिठ्ठी चुरगळली.

"मामाला नाही विचारायचं," ती म्हणाली. "कोणालाच नाही विचारायचं. माझ्याकडे बघ. परत म्हण, मोठ्याने."

पोरीने पुन्हा मामाकडे पाहिलं.